वाचकांचे प्रश्न : पहिली रोड बाइक आणि तिच्यावरचा पुढचा खर्च

खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरांची सायकल प्रथमच विकत घेतलेल्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली आहेत. बहुतेकांच्या सायकली एकाच साच्यातल्या आहेत: अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, मागे ८ किंवा ९ चक्रांची कॅसेट, पुढे ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रे आणि दहा ते अकरा किलो वजन. प्रश्नही फिरून एकाच ठिकाणी येतात, ते म्हणजे आता हिच्यात काय बदलावे. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून, पत्रलेखकांची नावे वगळून देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेली, शिमानो क्लॅरिस गिअर असलेली आणि साधे रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असलेली रोड बाइक आहे. आठवड्याला दीडशे किलोमीटरच्या आसपास चालवतो. गिअर बदलताना हल्ली खडखडते आणि कधी कधी चेन दोन चक्रांच्या मध्येच अडखळते. ओळखीच्या मेकॅनिकने ‘सगळा सेट काढून १०५ बसवू’ असे सुचवले आहे. खर्च सायकलीच्या मूळ किमतीच्या निम्म्याहून अधिक येतो. करावा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, मात्र त्याची कारणे समजून घेतल्याशिवाय आपण ते मानावे, असा आग्रह नाही.

शिमानोच्या रोड गिअरांची उतरंड क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस अशी चढत जाते. क्लॅरिस ८ स्पीडचा, म्हणजे मागे ८ चक्रांचा, सोरा ९ स्पीडचा. टियाग्रा बराच काळ १० स्पीडचा राहिला, तर १०५ आधी ११ आणि आता १२ स्पीडचा आहे. यातली पहिली अडचण अशी की १०५ची १२ स्पीडची आवृत्ती केवळ हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसाठी (चाकाच्या मध्यावरची चकती धरणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) बनवलेली आहे. आपली सायकल रिम ब्रेकची असल्याने आपल्याला मागच्या पिढीतला, ११ स्पीडचा सेट शोधावा लागेल आणि तो दुकानात शिल्लक असेल तरच मिळेल. दुसरी अडचण चाकाची. ८, ९ आणि १० स्पीडच्या कॅसेट मागच्या चाकाच्या मध्यावरच्या ज्या भागावर, म्हणजे फ्रीहबवर, बसतात, त्यापेक्षा ११ स्पीडच्या रोड कॅसेटला लागणारा फ्रीहब १.८५ मिलिमीटरने रुंद असतो. आपल्या चाकावर तेवढी जागा आहे की नाही, हे आधी पाहावे लागेल आणि जुन्या क्लॅरिस सायकलींत ती अनेकदा नसते. नसेल तर मागचे चाकही बदलणे आले. त्याखेरीज दोन्ही शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलण्याचे खटके), पुढचे-मागचे डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे भाग), क्रँक (पॅडलांचे दांडे), चेन आणि केबल एवढे सर्व घ्यावे लागते, कारण ११ स्पीडचा शिफ्टर एका टिचकीला जेवढी केबल ओढतो, तेवढ्या ओढीला क्लॅरिसचे डिरेलर वेगळे अंतर सरकते. हे दोन भाग एकमेकांशी जमत नाहीत.

सायकल बनवणारी कंपनी हे भाग घाऊक दराने घेते. आपल्याला तेच भाग किरकोळ दराने, शिवाय मजुरीसह घ्यावे लागतात. त्यामुळे क्लॅरिसची सायकल १०५ची करण्याचा एकूण खर्च, १०५ बसवलेलीच सायकल विकत घेतली असती तर जो फरक पडला असता, त्यापेक्षा नेहमीच जास्त येतो. एवढे करून फ्रेम, पुढचा फोर्क आणि कदाचित चाकेही जुनीच राहतात. क्लॅरिसवरून सोरावर जाणे तुलनेने सोपे आहे, कारण दोघांची केबलची ओढ सारखी असल्याने मागचे डिरेलर तेच चालते. पण त्यातून पदरात पडते ते जास्तीचे एक चक्र, आणि तेवढ्यासाठी दोन शिफ्टर, कॅसेट आणि चेन यांचा खर्च करावा असे आम्हाला वाटत नाही.

आता खडखडाटाकडे येऊ. आपण वर्णन केलेला दोष गिअर हलक्या दर्जाचे असल्याचा नसून ते जुने आणि मळकट झाल्याचा दिसतो. आपल्या चालवण्याच्या हिशेबाने वर्षाला सात हजार किलोमीटरहून अधिक अंतर होते. एवढ्यात केबलचे बाहेरचे आवरण आतून मातीने भरते, टोकाशी तार पिंजारू लागते आणि शिफ्टर कितीही चांगला असला तरी चेन नेमक्या जागी पोहोचत नाही. तेव्हा प्रथम आतली तार आणि बाहेरचे आवरण दोन्ही नवीन घालावे. हा खर्च काही शे रुपयांचा आहे. त्यानंतर सायकल स्टँडवर लावून मागे उकिडवे बसावे आणि मागच्या डिरेलरकडे नीट पाहावे. त्याच्या खालच्या-वरच्या दोन लहान चकत्या आणि वर कॅसेटचे जे चक्र चालू असेल ते, अशी तिन्ही एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. खालची चकती चाकाच्या बाजूला कललेली दिसली, तर ज्या लहानशा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर डिरेलर टांगलेले असते तो हँगर वाकलेला आहे असे समजावे. सायकल उजव्या अंगावर एकदा पडली तरी हे होते. हँगर सरळ करण्याचे हत्यार चांगल्या दुकानात असते आणि हे काम दहा मिनिटांचे आहे. हँगर तपासल्याशिवाय नवे डिरेलर विकणाऱ्या दुकानात पुन्हा जाऊ नये, एवढे आम्ही अवश्य म्हणू.

चेनची झीजही मोजून घ्यावी. चेन मोजण्याची पट्टी स्वस्त मिळते; ८ ते १० स्पीडच्या चेनमध्ये ती ०.७५ टक्क्याच्या खुणेपर्यंत आत जाऊ लागली की चेन बदलावी. पट्टी नसेल तर साधी इंचांची फूटपट्टी घ्यावी. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवले असता नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती खुणेच्या पुढे एक सोळांश इंचापर्यंत गेली असेल तर चेन उतरणीला लागली आहे आणि एक अष्टमांश इंच गेली असेल तर चेनसोबत कॅसेटही खाल्ली गेली आहे, असे धरून चालावे. ८ स्पीडची चेन आणि कॅसेट जास्त स्पीडच्यांपेक्षा स्वस्त मिळतात, आणि हा क्लॅरिसचा एक गुण आहे जो जाहिरातीत कोणी सांगत नाही.

एवढे करूनही काही पैसे खर्च करण्याची हौस उरली असेल, तर टायर बदलावेत. या किमतीच्या सायकलींवर कंपनीकडून येणारे टायर जाड रबराचे, तारेच्या कडेचे आणि जड असतात. त्यांच्या जागी चांगल्या प्रतीचे, घडी होणारे टायर घातल्यास सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला दोन्ही टायर मिळून दहा-पंधरा वॅट वाचू शकतात. त्या वेगाला साधारण माणसाला एकूण शंभर-सव्वाशे वॅट लागतात, हे लक्षात घेतले तर ही बचत किती मोठी आहे ते कळेल. गिअरचा कोणताही महागडा सेट एवढे देत नाही. उरलेले पैसे बाजूला ठेवावेत आणि दोन-तीन वर्षांनी दुसरी सायकल घेताना कामी आणावेत.

प्रश्न : माझे वजन ७० किलो आहे. दर रविवारी सिंहगड चढतो. वर पोहोचायला साधारण तासभर लागतो. शेवटच्या वळणांवर पाय अक्षरशः थांबतात. मागची कॅसेट ८ स्पीडची, ११–२८ (सर्वांत लहान चक्र ११ दात्यांचे, सर्वांत मोठे २८) आहे. हलकी चाके घ्यावीत असा विचार आहे. काही फरक पडेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : फरक पडेल, पण आपल्याला अपेक्षित आहे तेवढा नाही. तीव्र चढावर आपली ताकद प्रामुख्याने वजन वर उचलण्यात खर्ची पडते आणि ते वजन म्हणजे आपण, सायकल, पाण्याची बाटली असे सगळे मिळून ८२ किलोच्या आसपास. त्यातून एक किलो कमी झाला तर सव्वा टक्क्याच्या आतबाहेर वेळ वाचतो, म्हणजे तासाच्या चढाईत पाऊण मिनिट. पंधरा-वीस हजार रुपयांची चाके जुन्या चाकांपेक्षा बहुधा चारशे-पाचशे ग्रॅमच हलकी असतात. त्यांतून वाचतील ते वीस-बावीस सेकंद. चाकाचे वजन ‘फिरते’ असल्यामुळे दुप्पट मोजावे, असे गटागटांत नेहमी ऐकू येते. ते वेग वाढवताना काही अंशी खरे आहे. एकाच संथ गतीने घाट चढताना चाकातला किलो आणि खिशातला किलो सारखाच.

आपली खरी अडचण गिअरची आहे, आणि ती आकड्यांत दाखवता येते. पुढे ३४ आणि मागे २८ दाते असताना पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर पुढे जाते. चढ दहा टक्क्यांच्या पुढे गेला आणि वेग ताशी ८ किलोमीटरवर आला की आपले पाय मिनिटाला ५२ फेरे मारत असतात. एवढ्या कमी फेऱ्यांत प्रत्येक फेऱ्यावर पडणारा जोर वाढतो, मांड्या भरून येतात आणि गुडघे बोलू लागतात. मागे ३२ दात्यांचे चक्र असेल तर एका फेऱ्यात २.२३ मीटर अंतर कापले जाते, आणि त्याच वेगाला पाय मिनिटाला ६० फेरे मारतात. लागणारी एकूण ताकद तेवढीच राहते; ती पायांकडून मागण्याची पद्धत मात्र सुसह्य होते. आपण ‘पाय थांबतात’ असे लिहिले आहे, त्याचे कारण बहुतांशी हेच आहे.

तेव्हा ८ स्पीडची ११–३२ कॅसेट घ्यावी. जुन्या कॅसेटची चक्रे ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८ अशी असतात, तर नवीची ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२. सपाटीवर १७ आणि १९ ही दोन चक्रे जाऊन त्यांच्या जागी एकटे १८ येते, एवढीच तूट आहे. गटात एका लयीत चालवणाऱ्याला ती सुरुवातीला जाणवते, एकट्याला फारशी नाही. मात्र विकत घेण्याआधी मागच्या डिरेलरचा पिंजरा, म्हणजे दोन लहान चकत्या धरणारा भाग, आखूड आहे की लांब, ते पाहून घ्यावे. आखूड पिंजऱ्याचे डिरेलर साधारणपणे २८-३० दात्यांपर्यंतच मर्यादित असते. लांब पिंजऱ्याचे ३२ सहज घेते. आखूड असल्यास ८ स्पीडचे लांब पिंजऱ्याचे डिरेलरही घ्यावे लागेल, आणि तेही चाकांच्या मानाने किरकोळच.

चेनची लांबी या बदलात हटकून विसरली जाते. नवी कॅसेट बसवल्यावर चेन डिरेलरमधून न ओवता, थेट पुढच्या ५० आणि मागच्या ३२ दात्यांवरून गुंडाळून पाहावी आणि जिथे ती जुळते तिथून आणखी दोन कड्या जास्त ठेवाव्यात. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि चुकून ती पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चक्रांवर पडली, तर डिरेलर ताणून मोडतेच. शिवाय हँगर आणि आरेही घेऊन जाते.

प्रश्न : माझी उंची १५५ सेंटिमीटर आहे. दुकानदाराने ‘सीट खाली केली की झाले’ असे सांगून ५२ मापाची सायकल दिली. तासाभरात मान आखडते, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. आता जाड जेलचे हातमोजे आणि जेलची सीट घ्यावी असे मैत्रिणी म्हणतात. आपले मत कळवावे. — एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : आपल्या उंचीला बहुतेक कंपन्यांच्या सायकलींत ४४ ते ४८ च्या आसपासचे माप बसते, त्यामुळे ५२ ही आपल्यासाठी मोठीच सायकल आहे. सीट खाली केल्याने पाय पॅडलपर्यंत पोहोचतात. पण सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर सीट खाली केल्याने कमी होत नाही, आणि आपला त्रास त्या अंतराचा आहे. दुकानात लहान माप शिल्लक नसले की कमी उंचीच्या गिऱ्हाइकाला, त्यातही स्त्रियांना, असे मोठे माप गळ्यात मारले जाते. ही तक्रार आमच्याकडे वरचेवर येते.

करंगळी आणि अनामिका बधिर होणे याचा अर्थ तळहाताच्या बाहेरच्या कडेतून जाणाऱ्या नसेवर दाब येतो आहे. शरीर पुढे ओढले गेले, कोपर ताठ राहिले आणि धडाचा भार हातांवर पडला की असे होते. जेलचे मोजे तो दाब थोडा पसरवतात, कमी करत नाहीत. त्यामुळे ते शेवटी घ्यावेत.

सुरुवात सीटच्या उंचीपासून करावी. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, एखादे जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटप्रमाणे घट्ट वर ओढून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. त्याला ०.८८३ ने गुणले असता क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. समजा ते अंतर ७२ सेंटिमीटर आले, तर सीटची उंची साधारण ६३.५ सेंटिमीटर. हा आकडा अंतिम मानू नये. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला आणि कंबर डावी-उजवीकडे डोलली नाही, म्हणजे उंची बरोबर. त्यानंतर सीटचे नाक पाहावे. दुखते म्हणून पुष्कळजणी नाक खाली झुकवतात. त्यामुळे शरीर पुढे घसरते, हात आणखी ताठ होतात आणि आपण लिहिलेला त्रास नेमका वाढतो. सीट प्रथम पाण्याच्या पातळीसारखी सपाट ठेवून पाहावी.

आता हँडल. आपल्या सायकलीवर स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, बहुधा ९० किंवा १०० मिलिमीटरचा असेल. त्याच्या जागी ७० मिलिमीटरचा, वरच्या बाजूला कललेला स्टेम घालावा. तो महाग नसतो. त्याच्याखाली असलेल्या सर्व चकत्या तशाच ठेवाव्यात. बहुतेक शिफ्टरांत ब्रेकचा लिव्हर हाताजवळ आणण्यासाठी एक लहान स्क्रू किंवा पाचर असते आणि दुकानात ती कोणीही हलवलेली नसते. लहान हाताच्या स्वाराने ती अवश्य हलवून घ्यावी, कारण ब्रेक बोटांच्या पेराशी आला तर उतारावर मनावरचा ताणही जातो आणि मानेवरचाही. हँडलची रुंदी खांद्याच्या हाडांइतकी असावी; आपल्या बांध्याला ३८ सेंटिमीटरचे पुरेल, तर सायकलीवर ४२ असण्याची शक्यता आहे. एक उपाय मात्र करू नये: हँडल जवळ यावे म्हणून सीट पुढे सरकवणे. सीटची जागा पायांसाठी ठरवायची असते. ती पुढे ढकलली की हातांचा त्रास गुडघ्यांकडे जातो.

स्टेम आणि हँडल बदलून महिनाभर पाहावे. तरीही कोपर ताठच राहत असतील, तर या सायकलीत आणखी पैसे घालू नयेत आणि ती विकून योग्य मापाची घ्यावी. सीटविषयी थोडक्यात: मऊ जेलच्या सीटमध्ये बसण्याची हाडे रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो, म्हणून लांब अंतराला ती उलट जाचते. हाडांमधील अंतराला जुळणारी रुंद, मध्ये खाच असलेली आणि बऱ्यापैकी टणक सीट, सोबत अस्तर लावलेली सायकलची चड्डी, हे अधिक चांगले.

प्रश्न : आमच्याकडच्या रस्त्यांना वेडी बाभूळ आणि सराटे यांचा इतका त्रास आहे की आठवड्यातून एकदा पंक्चर ठरलेले. टायर २३ मिमीचे आहेत. शिवाय गावातल्या पंक्चरवाल्याकडे या बारीक व्हॉल्व्हमध्ये हवा भरता येत नाही. ट्यूबलेस करावे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ट्यूबलेससाठी रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनवलेले असावे लागतात, आणि या किमतीच्या सायकलींच्या रिम बहुधा तशा नसतात. साध्या रिमवर चिकटपट्ट्या लावून ट्यूबलेस करण्याचे प्रयोग लोक करतात, परंतु अधिक दाबाच्या रोड टायरमध्ये ते करू नये. भर उतारावर टायर रिमवरून सुटला तर जिवावर बेतेल.

२३ मिमीचे टायर काढून, आत पंक्चररोधक पट्टा असलेले २५ किंवा २८ मिमीचे टायर घालावेत. असा पट्टा असलेला टायर थोडा जड चालतो, आणि नाशिकच्या वाचकाला दिलेला सल्ला त्या मर्यादेत आपल्याला लागू नाही. आपल्या रस्त्यावर वेगापेक्षा घरी सायकलीवर बसून परतणे महत्त्वाचे. २८ बसतो का, हे फ्रेमवर अवलंबून आहे: आत्ताचा टायर आणि फ्रेम, फोर्क, ब्रेक यांच्यामध्ये सर्व बाजूंनी किती जागा आहे ते पाहावे. मोठा टायर घातल्यावरही चार मिलिमीटर जागा उरली पाहिजे, नाहीतर एखादा खडा अडकून चाक जागीच थांबेल. ७० किलोच्या स्वाराने २८ मिमी टायरमध्ये मागे ७० ते ७५ आणि पुढे ६५ ते ७० पीएसआय हवा ठेवावी. दगडासारखा टणक टायर पंक्चर कमी होऊ देतो, हा समज खोटा आहे. काट्याला हवेच्या दाबाचे काही सोयरसुतक नसते. मात्र हवा फारच कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली जाते आणि तिच्यावर सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. ट्यूबमधून हवा आपोआपही झिरपत असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी दाब तपासावा.

व्हॉल्व्हचे म्हणाल तर तो प्रेस्टा प्रकारचा आहे. वीस-तीस रुपयांची पितळी टोपी मिळते, ती वर घट्ट बसवली की मोटारसायकलला हवा भरणाऱ्या नळीनेही हवा भरता येते. अशा दोन टोप्या सीटखालच्या पिशवीत ठेवाव्यात. भरण्यापूर्वी व्हॉल्व्हच्या टोकावरची लहान चकती सैल करायची असते, हे पंक्चरवाल्याला सांगावे लागेल. घरी मात्र दाबाचा काटा असलेला उभा पंप घ्यावा. अंगठ्याने टायर दाबून दाब कळत नाही.

आणि शेवटची सवय: ट्यूब बदलताना जुन्या ट्यूबचे भोक टायरवर कुठे येते ते जुळवून पाहावे आणि तिथे टायरच्या आतून बोट सावकाश फिरवावे. सराट्याचे टोक किंवा ट्रकच्या फाटलेल्या टायरची केसासारखी तार आतच राहते आणि नवी ट्यूब दहा किलोमीटरवर बसते. ‘आठवड्यातून एकदा’ मधली काही पंक्चरे या प्रकारची असण्याचा दाट संभव आहे.

प्रश्न : पावसाळ्यात रिम ब्रेक लागत नाहीत असे वाटते. सायकलीला डिस्क ब्रेक बसवून मिळतील का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. डिस्कसाठी फ्रेमवर आणि फोर्कवर कॅलिपर बसवण्याच्या जागा कारखान्यातच केलेल्या असाव्या लागतात, हबही वेगळे लागतात. बाहेरून जोड देऊन कोणी बसवून देत असेल तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, कारण पहिला एखादा फेरा पाणी पुसण्यातच जातो. उतारावर वेग येण्याआधीच ब्रेक हलके लावून रिम कोरडी करत राहावी. या सायकलींवर अखंड रबराचे साधे ब्रेक-ठोकळे येतात. त्यांच्या जागी धातूच्या खाचेत सरकवून बदलता येणारे, पावसासाठीच्या मऊ रबराचे ठोकळे घ्यावेत. फरक पहिल्याच दिवशी कळतो. दर आठवड्याला ठोकळ्यांत रुतलेले वाळूचे कण आणि अ‍ॅल्युमिनियमचे चकाकणारे कपचे सुईने उकरून काढावेत, कारण तेच रिम घासून टाकतात. रिमच्या कडेवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला, किंवा रिमच्या कडेवर बोट फिरवताना खोलगट लागू लागले, की चाक बदलण्याची वेळ झाली.

पावसाचा आणि खाऱ्या हवेचा दुसरा बळी म्हणजे सीटचा दांडा. तो फ्रेममध्ये असा गच्च बसतो की पुढे हातोड्यानेही निघत नाही. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तो बाहेर काढून पुसावा, ग्रीस लावावे आणि खूण करून पुन्हा त्याच उंचीवर बसवावा. पॅडलच्या आट्यांनाही ग्रीस लावावे. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवावे. चेनला मात्र ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, त्यात वाळू धरते. पावसाळी चेनचे तेल प्रत्येक कडीवर एक थेंब सोडावे, पॅडल उलटे फिरवून मुरू द्यावे आणि वरचे सगळे फडक्याने पुसून काढावे.

प्रश्न : पुढच्या हिवाळ्यात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची आहे. सायकल क्लॅरिसचीच आहे. ती चालेल की नवीन घ्यावी? बूट अडकवायची पॅडले आवश्यक आहेत का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खुशाल चालेल. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरहूनही कमी सरासरी पुरते. सायकलीपेक्षा आपली तयारी आणि वाटेतले खाणे यांवर ते अवलंबून आहे. खर्च करायचाच तर चांगले पुढचे-मागचे दिवे, प्रकाश परावर्तित करणारे जाकीट, दोन बाटल्यांच्या जाळ्या आणि दोन जास्तीच्या ट्यूब यांवर करावा.

अडकवायची पॅडले आवश्यक नाहीत. घ्यायचीच असतील तर दोन स्क्रूंची, लहान लोखंडी पट्टी बुटाच्या तळव्यात बुडालेली राहते ती एसपीडी पद्धतीची घ्यावीत, कारण नियंत्रण चौकीवर उतरून चहाच्या टपरीपर्यंत त्या बुटांनी नीट चालता येते. शर्यतीच्या तीन स्क्रूंच्या पट्ट्यांनी चालताना फरशीवर पाय घसरतो. पाय सुटण्याचा ताण स्क्रूने अगदी सैल करून घ्यावा, भिंतीला धरून पाय काढण्याचा सराव करावा आणि किमान महिनाभर आधीपासून त्यांवर चालवावे. बीआरएमच्या आदल्या आठवड्यात कोणतीही नवी वस्तू सायकलीवर चढवू नये.

प्रश्न : चार वर्षे वापरलेली, सोरा गिअरची एक रोड बाइक निम्म्या किमतीत मिळते आहे. नवी क्लॅरिस घेण्यापेक्षा हा सौदा बरा का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : माप आपले असेल आणि फ्रेम निर्दोष असेल, तर बरा. सायकल दिवसाच्या उजेडात पाहावी. हेडट्यूबच्या (हँडलचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीच्या) खाली आणि क्रँकजवळच्या जोडांवर रंगाला केसाएवढी चीर किंवा सुरकुती दिसली, तर सौदा तिथेच सोडावा. फोर्क कार्बनचा असेल तर त्यावर नख वाजवत जावे. टणत्काराऐवजी एखाद्या जागी बोदा आवाज आला, तर घेऊ नये. पुढचे चाक जमिनीवरच ठेवून पुढचा ब्रेक दाबावा आणि सायकल मागे-पुढे हलवावी, खडखड लागली तर तिथले छर्रे तपासावे लागतील. चाके हवेत फिरवून ब्रेकच्या ठोकळ्यापाशी पाहावीत. चाक थोडे आउट असणे दुरुस्त होते, पण रिम खोलगट झाली असेल तर दोन चाकांची किंमत मनात धरावी. चेन, कॅसेट, टायर आणि केबल यांचा खर्च तर आपल्याला करावा लागणारच आहे, तेव्हा तो आधी दुकानात विचारून घ्यावा आणि ती रक्कम विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत. मूळ खरेदीची पावती आणि फ्रेमवरचा क्रमांक जुळतो का, हे पैसे देण्याआधी पाहावे.